डोक्याचा फोटो

करारावर सही करायला माझ्याकडे पेन नव्हतं.
रोझारिओ सरांनी शर्टाच्या खिशातलं दिलं,
फॅक्टरीतून निवृत्त होताना मिळालेलं,
म्हणाले, आधी वाच. घाई रिंगमध्ये कर.
इंग्रजीची चार पानं. मी आकडे तेवढे वाचले:
चार फेऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या.
दहा हजार. जिंकले तरी, हरले तरी.
वजन बावन्न.
तिकिटं तीस, ज्याची त्याने खपवायची.

एक रकाना रिकामा सोडला, टोपणनावाचा.
आयोजकांच्या पोराने सुचवलं, वाघीण लिहू?
मी म्हटलं, प्रज्योती ओव्हाळ, बोपोडी, एवढंच राहू दे.

तिकिटं घेऊन खडकी बाजार पालथा घातला.
चष्म्याच्या दुकानातल्या बोहरी काकांनी दोन घेतली,
म्हणाले, येणार नाही हं मी, रक्त सोसत नाही.
शाळेतल्या बाई भेटल्या, विचारलं,
यात पेन्शन असतं का गं?
सहा खपली.
चोवीस अजून सॅकमध्ये आहेत, बँडेजच्या गुंडाळीखाली,
त्यांना घामाचा वास लागलाय.

आजवर मेडलं मिळायची.
टीव्हीमागच्या खिळ्याला टांगलेली आहेत,
त्याच खिळ्यावर केबलची वायर.
आता हातमोजे दोन औंसांनी हलके,
आणि डोक्यावरचं हेडगार्ड गेलं.
हलके तर बरेच की, आई म्हणाली.
हेडगार्डचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग यादी आली. रक्त, डोळे, छाती
आणि मेंदूचा स्कॅन.
साडेचार हजार, आपल्या खिशातून, मॅचच्या आधी.
औंधला तळघरात गेले. मशीनवरचा मुलगा म्हणाला,
ताई, वीस मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही.
सहा वर्षं सर बोंबलतायत, डोकं हलव, डोकं हलव,
खांबासारखी उभी राहतेस, मेट्रो जाणार आहे का तुझ्यावरून?
आत ठकठक ठकठक.
मी मोजत होते, सवयीने:
डावा, डावा, उजवा, डावा.

घरी पाकीट उघडलं.
आई एकोणीस वर्षं दवाखान्यात मावशी आहे.
दुसऱ्यांचे असले फोटो तिने या मजल्यावरून त्या मजल्यावर
किती नेले, हिशेब नाही.
तिने फिल्म कडेने धरली, अंगठा न लावता,
ट्यूबलाइटसमोर उंच केली.
काळ्यावर करड्या चकत्या, ओळीने,
फोडलेल्या अक्रोडासारख्या.
ह्यात कुठेतरी माझा डावा हुक असेल,
आणि दहावीचं भूमिती,
आणि बाबा गेले ती दुपार.
मला काही ओळखू आलं नाही.

नॉर्मल लिहिलंय, मी म्हटलं.
ती बघतच राहिली.
मग म्हणाली, हा पहिला नीट जपायचा.
पुढच्या वेळी डॉक्टर दोन्ही शेजारी शेजारी लावतात
आणि काय बदललं ते बघतात.

तिने हे असं सांगितलं,
जसं कुणी सांगावं की ओला टॉवेल दारामागे टाकू नकोस.

फिल्म गादीखाली सपाट ठेवली, माझ्या बाजूला नाही, तिच्या.
हात धुतले. तांदूळ निवडायला घेतले.
किती वेळ चालतं गं तुझं?
आठ मिनिटं. मधल्या विश्रांत्या धरल्या नाहीत तर.
आठ, ती म्हणाली,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कुकर लावला.

आम्ही दोघी ओट्याशी उभ्या.
बोलायचं काहीच नव्हतं असं नाही.
खाली कुणीतरी रिक्षा चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.
चौथ्या मिनिटाला माझे खांदे आपोआप वर आले,
तिने ते हाताने खाली दाबले, सरांसारखे.
पहिली शिट्टी सातव्या मिनिटाला झाली.

एक मिनिट उरलं होतं.
तिने गॅस बारीक केला नाही.