गंज राहू दे

आचऱ्याच्या तिठ्यावर, पंक्चरवाल्याला लागून,
माझं दुकान म्हणजे वर पत्रा, खाली टेबल
आणि पप्पांची सांडशी.
दर बुधवारी भंगारवाला खोत टेम्पो थांबवतो.
कंदील किलोवर, समई पितळेच्या भावात,
तडकलेली काच फुकट.

मी आधी वास घेते.
टाकीच्या तळाशी उरलेलं रॉकेल
कधी गोठ्यातलं असतं, कधी होडीवरचं.
होडीवरच्या कंदिलाची कडी
किती घासली तरी बांगड्याची वास मारते.
मग चिंच, राख, काथ्या.
वातीची चकती अडली असेल तर
खोबरेल दोन थेंब आणि एक अख्खी रात्र.
घाई केली की दाते जातात.

पप्पा, सायमन मेस्त, बत्त्या भाड्याने देत.
दहीकाल्याला सहा, लग्नाला चार,
मयताला एक, तिचे पैसे नाहीत.
नवं मॅन्टल बांधून पेटवलं की जाळीची राख व्हायची
आणि ती राखच पहाटेपर्यंत उजळत राहायची.
"बोट लावू नको गो फिलू."
मी लावलं. एकदाच.
संकासुर तसाच काळोखात बोलत राहिला,
लोकांना वाटलं, नाटकातलंच असेल.

आता तोंडवळीच्या रिसॉर्टचा मॅनेजर येतो.
चाळीस कंदील, आत बल्ब बसवून.
नमुन्याचा एक मी तीन दिवस घासून नेला
तर म्हणाला, मॅडम, गंज राहू दे ना,
गेस्टना गंज आवडतो.
रिक्षात मला हसू आवरेना.
चाळीसच्या चाळीस विहिरीवर टांगले
आणि खाऱ्या वाऱ्याला बिनपगारी कामाला लावलं.

वायरसाठी बुडाला भोकं पाडताना
एकाच्या टोपीत, आतल्या बाजूला,
खिळ्याने कोरलेलं सापडलं:
विठाबाय, ३ रु. बाकी.
अक्षर पप्पांचं. त्यांचा 'ठ' नेहमी कलायचा.
ड्रिल बाजूला ठेवलं.
एक कमी भरला म्हणून मॅनेजरने दोनशे कापले.

मग मे महिन्यात वादळ आलं,
सुरूची झाडं तारांवर पडली.
चौथ्या रात्री तो स्कूटरवरून आला, निथळत.
"खरा पेटणारा आहे का एखादा?"
त्याचे एकोणचाळीस तिकडे व्हरांड्यात
काळोखात एकमेकांवर आपटत होते म्हणे.

रेशनवर रॉकेल मिळणं कधीच बंद झालंय.
माझ्याकडे एक बाटली होती, अर्धी.
विठाबायचा उतरवला, वात तिरकी कापली,
काच पदराने पुसली.
"केवढ्याला?"
विकायचा नाही, म्हटलं. भाडं.
वर मागचे तीन रुपये.
कसले, ते त्याने विचारलं नाही.
खिसे चाचपले. ओली पाचशेची नोट,
सुटे ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे.

टोपी अजून गरम झाली नव्हती.
उलटी केली, खिळा शोधला,
आणि विठाबायच्या खाली, जागा होती तेवढ्यात,
त्याचं नाव विचारून लिहिलं.