बासन

डिसेंबर सरता सरता आमच्या पट्ट्यावर
अख्ख्या किंग्स्टनचा नाताळ येतो.
चमकीचा कागद, चिकटपट्टीची भेंडोळी,
पोटात फाटलेली सांबरं, अर्धे सांता.
नियम सोपा. मुठीत चुरगळायचं.
चुरगळलेलं राहिलं, तर कागद.
आपोआप उलगडलं, तर प्लॅस्टिक; जाळायला.
अकरा वर्षं हेच करतोय,
उलगडणाऱ्या गोष्टी बाजूला काढतोय.

न्यू मॉल्डनच्या हाय स्ट्रीटवर, किमचीच्या दुकानाला लागून,
विजारी आखूड करून देणाऱ्या क्वाक बाई
शनिवारी संध्याकाळी यंत्रावर झाकण घालतात
आणि बोजागी शिकवतात:
एक चौकोन, चार कोपरे,
कात्री नाही, चिकटपट्टी नाही.
फी पाच पौंड. फडकं ज्याचं त्यानं आणायचं.

मी नेलं मोडक्या छत्रीचं कापड,
पट्ट्यावरूनच उचललेलं, बाटलीसारखं हिरवं.
बाईंनी ते पाकळी-पाकळीनं उसवलं,
तुकडे उलटसुलट लावून चौकोन जमवला,
मागच्या बाजूला एक धागा दिसेल तर शपथ.

शिवता शिवता मी त्यांना सांगितलं,
आमच्याकडे एखादं काम कायमचं मागे टाकलं
की म्हणतात, बासनात गुंडाळलं.
इंग्रजीत सांगताना माझीच फजिती झाली.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गुंडाळलेलं कधीतरी सोडायचंच असतं ना?
नाहीतर गाठ कशाला मारली असती,
शिवूनच नसतं का टाकलं?

ट्रेव्हर निवृत्त झाला तेव्हा त्यात थर्मास बांधून दिला.
सुरगाठ. वर दोन कान, सशाचे.
तो बराच वेळ चाचपत राहिला,
कुठून फाडायचं.
ओढ, मी म्हटलं.
कापड कँटीनच्या टेबलावर आपोआप उलगडलं
आणि सवयीनं माझा हात पुढे गेला,
ते बाजूला काढायला.

फेब्रुवारीत ते माझ्या दारात परत आलं.
आत त्याच्या भाजीच्या वाफ्यातले तीन लीक,
मुळांना अजून माती.
रिकामं भांडं परत करू नये
हे त्याला कुणी सांगितलं असेल?
गाठ मात्र निरगाठ, ट्रकवर ताडपत्री आवळायची.
दातांनी सोडवली. पाऊण तास गेला.
कात्री समोर ओट्यावरच होती.