तीन खिळे

खडकात तीन खिळे आहेत, पितळी,
बाबांनी ठोकलेले, माझ्या जन्माआधी दोन वर्षं.
तिपाईचे पाय त्यांवरच टेकवायचे,
डावीकडचा काळा सुळका चौकटीच्या कडेला लावायचा,
आणि श्वास धरून एकदाच.
वर्षाला एक फोटो.
सप्टेंबरात, मेंढ्या डोंगरावरून खाली आणून झाल्या की.

तेव्हा हे राष्ट्रीय उद्यान नव्हतं.
आमच्या कुरणामागचा नुसता बर्फ होता तो,
भांडकुदळ शेजाऱ्यासारखा:
रात्री कडाडायचा, उन्हाळ्यात पूर सोडायचा,
एकदा तर कुंपणच गिळलं त्याने.
बाबा फोटो काढत ते देखावा म्हणून नव्हे,
बांधावर नजर ठेवावी तसे.

वहीत तारीख, वारा, ढग,
टेपने मोजलेलं अंतर,
आणि शेवटच्या रकान्यात कधीमधी एखादं वाक्य.
'गुद्नीला ताप. तरी उभी राहिली.'

गुद्नी म्हणजे आई.
बर्फाच्या पायथ्याशी लाल-पांढरी काठी धरून
ती उभी असे, मापासाठी.
मागे निळं भिंताड,
आठ-दहा आया एकीवर एक ठेवाव्यात एवढं.
एकोणीस फोटोंत आई आहे, नखाएवढी.
चेहरा एकातही नाही,
स्वेटर मात्र ओळखू येतो.
बाबा इथून ओरडायचे, हलू नकोस!
वाऱ्यात तिला ऐकू जात नसे.
ती मुळात हलतच नसे.
विसाव्या फोटोत काठी एकटी,
दगडांत रोवलेली.

हिमनदीच्या टोकाला आमच्या भाषेत माशाची शेपटी म्हणतात.
लहानपणी वाटायचं, मासा केवढा असेल,
डोंगरापलीकडे तोंड करून निजलेला.
शेपटीला धरलेला मासा हातात राहत नाही,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा पाणी दिसलं ते परातीएवढं.
मग तळं.
मग तळ्याला नाव पडलं, ते नकाशात आलं,
वाहनतळ झाला, कॉफीची गाडी लागली.

आज वाऱ्याने जरा उसंत दिली.
पाय खिळ्यांवर, सुळका कडेला.
डोळा लावला.
बर्फ नाही.
उजवीकडे चाळीसेक पावलं सरकलं
तर वळणाआड आहे अजून,
मळकट, धाप लागल्यासारखा.
बाबांना फोन केला.
त्यांना हल्ली मधलं काही दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात.
म्हणाले, हाल्बेरा, जागा सोडायची नाही.
मग फोटोत काय येणार?
येईल ते.

शेजारी एक मुलगा, लांबच्या देशातला,
गळ्यात कोराकरकरीत कॅमेरा.
अदबीने म्हणाला, जरा बाजूला होता का,
तुम्ही चौकटीत येताय.
झाले.
मग त्याने पडदा दाखवला:
आरसा झालेलं पाणी, उलटे डोंगर, एकच ढग.
सुंदर ना, म्हणाला.
होतंच. खोटं कशाला बोलू?

मी पाण्यात ती जागा शोधत होते,
सुळक्यापासून तीन बोटं आत,
जिथे काठी टेकलेली असायची.
नेमकं तिथेच एक बदक तरंगत होतं.
त्याने बुडी मारली.
बराच वेळ वर आलं नाही.
मुलगा गेला, कॉफीची गाडी बंद झाली,
माझी बोटं गारठली.
वर आलं, तेव्हा बटण दाबलं.

गाडीत बसून वही उघडली.
तारीख. वारा मंद. ढग एक.
अंतराचा रकाना तसाच ठेवला,
टेप पाण्याच्या काठाशीच संपते.
शेवटच्या रकान्यात, बाबांच्या अक्षराखाली,
लिहिलं:
'मापाला बदक. थोडं हललं.'