पहिली, दुसरी

माझं टेबल माळ्यावर,
खाली अण्णाप्पा कुंभोजेंचा लेथ.
उद्यमनगरात दुपारभर लोखंडाची साल निघत राहते,
निळसर, गरम, शेवयांसारखी कुरळी,
आणि वर मी, काळ्या खिडकीतल्या
एका लुकलुकत्या रेघेसमोर.

शोधायचं हे अवजार जुनं आहे, फुकट आहे, कुणा एकाचं नाही.
शब्द द्या, फाइल द्या.
सापडलं तर ओळ दाखवतं, नाही तर गप्प.
त्याचं हे गप्प राहणं मला आवडायचं,
पुराच्या त्या सालापर्यंत.

शिरोळकडच्या एका शाळेत बसून
मी यादीत शोधत होते: शीतल पारिसा चौगुले.
गप्प.
त्याची बहीण माझ्या पाठीमागं,
ओल्या ओढणीचं टोक दातात धरून.
पुन्हा शोधलं. गप्प.
"न्हाई म्हणतंय?"
मी म्हणाले, नाही म्हणतंय.

रात्री अकराला तो स्वतःच आला,
चार नंबरच्या खोलीतून, चहाचा कप शोधत.
यादीत होता तो. सकाळपासून होता.
शितल. पहिली वेलांटी.
टाइप करणारं पोरगं दोन रात्री झोपलं नव्हतं.

म्हणून हा पर्याय.
चालू केला की पहिली-दुसरी एकच,
वेलांटी असो की उकार.
चाळीस ओळींचा कोड, दीड दिवसाचं काम.
त्याला नाव द्यायला अडीच महिने.

एका अक्षराचं नाव हवं होतं,
पण जोतिबाच्या चैत्रात दुकानं मांडावीत
तशी सगळी अक्षरं आधीच कुणी ना कुणी धरलेली.
उरलेल्या दोघा-तिघांकडं पाहून
ती का उरली ते कळत होतं.

मार्गुस तालिनमधून या सगळ्याची देखरेख करतो.
त्यानं लिहिलं: दिलेला पर्याय परत घेता येत नाही.
कुणाच्या तरी रात्रीच्या कामात तो गुपचूप चालू असतो,
आपण सोडून गेल्यावरही.
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
आमच्याकडे स्वराच्या तीन लांब्या आहेत.
ताणलं की अर्थ फिरतो. तुमच्याकडे फिरत नाही?

फिरतो, मार्गुस.
यादी करायला बसले आणि मीच घाबरले.
दिन आणि दीन.
शिर आणि शीर.
सुत, सूत.
पर्याय चालू ठेवून पाणी शोधलं
तर पाणिग्रहण हाती लागलं.

पाच वाजता लेथ थांबला तेव्हा खाली गेले.
अण्णाप्पा व्हर्नियर पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले,
"ड्रॉइंगवर टॉलरन्स ल्हिलेला असतोय बघ.
काहीच न्हाई दिलास तर शाफ्ट बसत न्हाई.
लई दिलास तर खडखडतंय.
पण ल्हिवायचं. आपल्या मनानं सैल सोडायचं न्हाई."

तेव्हा ठरलं:
मागितल्याशिवाय हा चालू होणार नाही.
आणि सापडलेली ओळ जशी असेल तशीच छापेल.
चूक पोटात घालेल, चुकीला हात लावणार नाही.
त्या पोराची पहिली वेलांटी
त्या पोराचीच राहील.

अक्षर नाहीच मिळालं.
दोन आडव्या रेघांमागं एक लांबलचक नाव मिळालं,
जे मलाही दरवेळी बघून लिहावं लागतं.
मी सुचवलेलं 'सैल' मार्गुसच्या जिभेवर बसेना,
पण चाचणीच्या फाइलीला त्यानं ते ठेवलंय.
त्या फाइलीतली पहिली ओळ मी लिहिली:
शितल पारिसा चौगुले, खोली चार.

ती चालवून पाहिली.
या अवजाराचा हिशेब उलटा असतो,
सापडलं की आत शून्य म्हणतं,
नाही सापडलं तर एक.
शून्य आलं.
मी ते उगाच तीनदा चालवलं.

काल मार्गुसनं विचारलंय, अनुस्वाराचं काय?
त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.
खाली लेथ सुरू झालाय,
टेबलावरचं पाणी ग्लासात थरथरतंय,
दुसरी वेलांटी, दीर्घ.