चार गॅलन

डाव्या हातानं दट्ट्या, उजव्या हातानं नळी,
एकवीस वर्षं मी अशीच चालले
नॉक्सव्हिलच्या उत्तरेला, लोकांच्या हिरवळींवरून.
चार पावलं, एक दट्ट्या. चार पावलं, एक दट्ट्या.
रॉइसनं शिकवलेलं ते. बाकी त्यानं काहीच नीट शिकवलं नाही,
ट्रेलर मागे घेणंसुद्धा.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी खांद्याचा फोटो उजेडाला धरला
आणि विचारलं, काम काय करता?
म्हटलं, गवत सांभाळते.
त्या म्हणाल्या, आता गवताला म्हणावं, बाईला सांभाळ.

डेल्मर प्रुइटनं दुकानाच्या फळीवर तीन टाक्या मांडल्या,
स्थळं दाखवावीत तशा.
ही अठरा व्होल्टची, ही दिवसभर चालते, हिची पाच वर्षं हमी.
मी विचारलं, भरल्यावर कशी बसते?
तो गप्प.
रिकाम्या सगळ्याच हलक्या असतात, डेल्मर.

त्याच्याच नळावर भरून घेतल्या एकेक.
चार गॅलन म्हणजे तेहेतीस पौंड पाणी, वर यंत्राचे बारा.
खताच्या गोण्यांमधून फेऱ्या मारल्या.
पहिली कंबरेवर धपकन आदळायची.
दुसरीतलं पाणी वळणावर माझ्याआधी वळायचं.
तिसरी पाठीला लागून निमूट बसली
झोपलेल्या पोरासारखी.
महाग होती. घेतली.
मोठी बॅटरी वेगळी, म्हणाला. किंमत ऐकली आणि म्हटलं,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
माझ्या ड्रिलची बॅटरी त्याच कंपनीची निघाली.
बसली. खट्.

आठवडाभरात तिचं निम्मं अंग बदललं.
प्लॅस्टिकची नळी गेली, पितळी आली.
भुरभुर उडवणारं तोंड काढून
चपट्या पंख्यासारखं फवारणारं लावलं.
पट्टे वेस्लीच्या डोंगर चढायच्या जुन्या पिशवीचे,
तो डेन्व्हरला असतो, त्याला विचारलं नाही.
आणि मध्ये दाब राखणारी एक बोटभर झडप,
नाहीतर सुरुवातीला नुसता जोर, मग कुरकुर.
असला एक माणूस मी पोसलाय.

मग गाडीच्या फरसबंदीवर, नुसत्या पाण्यानं,
खडूच्या रेघा आखून, लोणच्याच्या बरणीनं मोजत:
हजार चौरस फुटांना एक गॅलन.
पहिल्यांदा दीड गेलं.
दुसऱ्यांदाही दीडच.
यंत्र एकसुरात गुणगुणत होतं
आणि मी अजून दर चार पावलांनी थबकत होते,
डावा हात हवेतच खालीवर.
शेजारचा टकर कुंपणावरून ओरडला, टाटा कुणाला करतेस?
हात खिशात घातला.
नवव्या खेपेला हिशेब जुळला.
सिमेंट वाळत गेलं तेव्हा दिसलं,
माझी चाल सरळ नाही. डावीकडे झुकते.
कधीपासून, कोण जाणे.

पहिलं गिऱ्हाईक अर्डिथ कूम्ब्सबाई.
औषधात निळा रंग मिसळलेला,
कुठे मारलं, कुठे राहिलं ते कळावं म्हणून.
हराळी फाटकापाशी माजलेली,
डँडेलियन उन्हात खुशाल पसरलेले.
पाठीवर फक्त मधमाशीएवढी गुणगुण.
आणि दट्ट्याच्या करकरीत इतकी वर्षं जे बुडालं
ते एकेक वर आलं:
खिडकीत बाई रेडिओशी भांडतात.
कुत्र्याला नवऱ्याच्या नावानं हाक मारतात.
आणि मी कोपऱ्याकडे वळले की, तेवढ्याच आवाजात,
फारशी आशा न ठेवता म्हणतात,
ते क्लोव्हर राहू दे गं.

काय म्हणालात?
त्या दचकल्या.
काही नाही, म्हणाल्या, दरवर्षी सांगते.

दरवर्षी मी मारत आले होते ते.

बोट काढलं. गुणगुण थांबली.
टाकीत अजून दोन गॅलन, बॅटरीचे तीन दिवे पेटलेले,
आणि निळी रेघ
पांढऱ्या फुलांच्या हातभर अलीकडे,
जराशी डावीकडे कललेली.