तेवीस मिनिटं

तेवीस मिनिटं चालतो.
मग विझतो.
दिवा मालवावा तसा नव्हे,
भांडणातून कुणी न बोलता उठून जावं तसा.

क्लाक्सविकमध्ये मे महिना. रात्री अकराला खिडकीत उजेड,
बंदरावर धुकं, बाहेर सात अंश.
आणि माझ्या टेबलाखाली हा डबा,
मागच्या बाजूला हात ठेववत नाही.
वास येतो, इस्त्रीखाली विसरलेल्या स्वेटरचा.

सुटे भाग मीच जमवलेत:
बोर्ड शाळेच्या लिलावातून,
कार्ड मार्चमध्ये मामेभावाकडून, एका कोकराच्या बदल्यात,
पॉवर सप्लाय तेवढा कोरा, साडेपाचशे वॅट,
खोक्यावर पाच वर्षांची हमी.
म्हणून संशय शेवटी त्याच्यावर गेला.
नव्याला कोण नावं ठेवतं?

प्रोसेसरवरची पेस्ट खरवडून पुन्हा लावली.
पंखे उलटे केले, मग सुलटे.
कार्ड काढलं तर बंदच पडेना. लावलं की तेवीस मिनिटं.
मल्टिमीटर धरून बसले:
बाराच्या जागी अकरा पूर्णांक सहा,
अकरा पूर्णांक चार,
शून्य.

तो डबा उघडायचा नाही, एवढं मला कळतं.
प्लग काढला तरी आत वीज दबा धरून असते,
आणि किती वेळ ते बाहेरून दिसत नाही.

शेवटी सगळंच सांगाड्याबाहेर काढलं,
जेवणाच्या टेबलावर पसरलं, बटर सरकवून.
एक तास. दोन तास. थंडगार.
पुन्हा आत बसवलं, टेबलाखाली ढकललं:
तेवीस मिनिटं.
म्हणजे बाहेर शहाणा, घरात गेला की ताप.

तेव्हा कुठे टॉर्च घेऊन पालथी पडले.
त्याचा पंखा खाली तोंड करून असतो.
तो जमिनीकडून श्वास घेतो.
आणि जमिनीवर, चारही रबरी पाय गिळून,
मीच अंथरलेलं मेंढीचं कातडं.

नोव्हेंबरात अंथरलं होतं.
खाली दॉन्याल राहतो. मार्यून गेली त्या आठवड्यापासून
त्याच्या खिडकीचा उजेड पहाटे तीनपर्यंत बर्फावर पडलेला दिसे.
मला वाटलं, माझी घरघर लाकडातून उतरून
त्याला झोपू देत नसेल.
तो काही म्हणाला नव्हता.
मीही विचारलं नव्हतं.

चिमट्याने जाळीतून लोकर उपसली,
बोटभर लांब पीळ निघाला, करडा, टोकाला करपलेला.
कातडं काढलं. खाली दोन फळ्या, मधे मोकळी हवा.
चालू केला.
बावीस. तेवीस. चोवीस.
चाळिसाव्या मिनिटाला हात लावला:
कोमट, नुकत्या उठलेल्या माणसाच्या उशीइतका.
घरघर मात्र सरळ तक्तपोशीत उतरत होती.
मी ती बंद केली नाही, आणि रात्रभर चोरासारखी पडून राहिले.

सकाळी जिन्यात दॉन्याल भेटला, बुटाची नाडी सुटलेली.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
तो म्हणाला, "सुरू झालं वाटतं तुझं इंजिन."
सदतीस वर्षं ट्रॉलरच्या पोटात काढलेला माणूस.
"आवाज थांबला की इंजिनवाला जागा होतो.
नोव्हेंबरात तुझं थांबलं.
मला वाटलं, तूही गेलीस कुठे."

मी नाडीकडे बोट दाखवलं.
तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला.

कातडं आता खुर्चीवर आहे.
काल पुन्हा मोजलं, कार्डावर पूर्ण भार टाकून:
अकरा पूर्णांक आठ.
बारा नाहीत.
लक्ष ठेवायला हवं.