ब्लॅकबुक

एमएस्सी आयटी, भाग दोन, सत्र चौथं.
कलिन्याच्या लॅबमध्ये एसी इतका थंड
की तेंडोलकर मॅडम शाल पांघरून
आमचा कोड तपासतात.

माझा प्रोजेक्ट असा : दोन कागदांवरची दोन नावं
एकाच माणसाची आहेत का, ते ओळखणं.
यशोधरा, येशोधरा, यशोदरा –
क्लार्कची घाई, कार्बनची पुसट शाई,
प्रोग्राम सगळं पोटात घालतो.
किती अक्षरं बदलली की हे नाव ते होईल
एवढंच मोजतो. त्याला अंतर म्हणायचं.

घोडपदेव, रात्रीचे साडेअकरा.
भाऊ झोपलेला, म्हणून मी मोरीच्या उंबऱ्याशी,
लॅपटॉप पाटावर.
आई भांडी पालथी घालता घालता :
"काय करतंय गं ते?"
"नावं जुळवतंय."
"माझं घाल."

शाळेचा दाखला, चौथी पास, तालुका वाई :
हौसा गेनू शेडगे.
आधार कार्ड :
सुलभा तुकाराम मांढरे.

मधलं जाणार, आडनाव जाणार, ठाऊक होतं.
पण हौसापासून सुलभापर्यंत जायला
पाच चिन्हांत चार बदल.
जुळला तो फक्त शेवटचा काना.
खाली लाल अक्षरांत : भिन्न व्यक्ती.

"थांब, चुकलंय. जुळणीचा उंबरठा
जरा खाली घेते."
आई ओल्या हातांनीच वाकली,
ओठ हलवत वाचलं.
"चुकलं कुठं? बराबर सांगतंय."

मग म्हणाली,
"ताटात तांदूळ पसरले होते.
तुझ्या बाबांनी अंगठीनं नाव लिवलं.
सगळ्यांना वाटलं, हिला काय कळतंय.
मी वाचलं ना. सुलबा लिवलं होतं.
भ चा ब.
बोलले नाही काही.
तांदूळ भटजींनी पिशवीत भरले."

आणि पातेलं उचलून
फळीवर ठेवायला गेली.

मॅडम म्हणाल्या, ही जोडी तक्त्यातून काढ,
एक्स्टर्नल नेमकं तिथेच बोट ठेवतील.
काढली नाही.
त्यांनी ठेवलंच. "ही केस का फेल?"
रात्रभर केवढं तरी उत्तर तयार केलेलं,
तांदूळ, अंगठी, तो ब, सगळं.
तोंडातून निघालं, "फ्यूचर स्कोप आहे, सर."
ते हसले. सही केली. पुढचा रोल नंबर.

बाइंडिंगवाल्याकडे पाच प्रती, काळं रेक्झिन.
त्यानं ऋणनिर्देशाचं पान वर धरलं :
"हौसा शेडगे सुलभा मांढरे हिची मी ऋणी आहे.
ताई, मधे 'आणि' राहिलाय बघा.
आणि मग 'हिची' नाही, 'यांची' पाहिजे."

राहिला नाहीये, म्हटलं.
सोनेरी अक्षरांचे वरचे किती?